आठवा लागला की सरला?

वऱ्हाडातल्या जुन्या बायांचा एक हिशेब असतो: सातव्याचं वाचते, आठव्याचं वाचत नाही. सातव्या महिन्यात झालेलं बाळ तरतं आणि आठव्यातलं हातून जातं, असं ठाम सांगणारी एखादी आजी वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या आसपास कुठल्याही गावात भेटेल. ग्रीकांचाही हाच समज होता. हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत ‘आठव्या महिन्याच्या बाळा’वर एक वेगळा ग्रंथच आहे. समज अर्थातच खोटा. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आठव्यातलाही.

एका दुखण्यात मात्र हा हिशेब उलटापालटा होतो. गरोदरपणात बाईचा बीपी १६०/११० च्या वर गेला, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, डोकं ठणकायला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, की पोटातला पुढचा आठवडा बाळाच्या फायद्याचा की घाताचा, हे कुणालाच सहज सांगता येत नाही. अशा गरोदरपणातून जन्मलेल्या बाळांचं पुढे काय होतं, हा या लेखाचा विषय. त्यावरचं बरंचसं मोलाचं संशोधन नागपूर आणि बेळगाव या दोन टोकांना झालं आहे, आणि शेलूबाजार या दोन्हींच्या मधल्या मुलखात येतं.

वार म्हणजे बाळाचं मूळ. पहिल्या चार-पाच महिन्यांत ते गर्भाशयाच्या भिंतीत रुजतं तेव्हा तिथल्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्या रुंद, सैल व्हायच्या असतात, जसा पाटाचा दांड पाण्याने रुंदावतो. काही जणींत हे रुंदावणं अर्धवटच राहतं. वारेला रक्त कमी पडतं, उपाशी वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांची आतली बाजू बिघडते. बीपी वाढतो, मूत्रपिंडं गळू लागतात, यकृत सुजतं, प्लेटलेट घटतात आणि मेंदूपर्यंत गोष्ट गेली तर झटके येतात. म्हणजे आपल्याला आईचा बीपी दिसतो तो खूप उशिरा. पोटातलं बाळ त्याच्या आधी कित्येक आठवडे कमी रक्तावर दिवस काढत असतं. बाहेरून दिसतं ते एवढंच, की हातातल्या बांगड्या मनगटात रुततात आणि पायातली जोडवी साबण लावूनही निघत नाहीत. नुसती पायावरची सूज बऱ्याच जणींना येते. हातातोंडावर चढणारी सूज मात्र मुकाट्याने सोसायची नसते.

असं बाळ जन्मतं तेव्हा अनुभवी सिस्टर एका नजरेत ओळखते. डोकं अंगाच्या मानाने मोठं, मांड्यांवरची कातडी सैल, चेहरा म्हाताऱ्यासारखा, डोळे टक्क उघडे. पोटात मिळेल तेवढं रक्त त्याने मेंदूकडे वळवलं आणि बाकीच्या अंगाला उपाशी ठेवलं, त्याची ही खूण. त्याच्या यकृतात साखरेचा साठा नसतो, म्हणून पहिल्या काही तासांतच रक्तातली साखर घसरते. कातडीखाली चरबी नसते, म्हणून ते गार पडतं. ऑक्सिजन कमी पडल्याने त्याने रक्तपेशी जास्त बनवलेल्या असतात, रक्त घट्ट होतं आणि पुढे कावीळ वाढते. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी, म्हणून जंतूंना दार उघडं. आईला झटक्यांवरचं मॅग्नेशियम दिलेलं असेल तर बाळ दिवसभर ढिलं, सुस्त राहू शकतं, दूध ओढत नाही. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टींवर उपाय आहे, तोही फार महागडा नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघणं, वेळेवर आईचं दूध, ऊब. पण ते पहिल्या तासांत व्हायला हवं, आणि बाळ सात-आठ महिन्यांचंच असेल तर वरून कच्च्या फुप्फुसांची भर. या आजारात दिवस कमी आणि वाढही कमी, असे दोन्ही काटे एकाच बाळाला टोचतात.

ब्रिटनने १९९२ साली देशभरातल्या झटके आलेल्या बाळंतिणींची नोंद केली. दहा हजार बाळंतपणांमागे पाचेक जणींना झटके आले होते आणि त्यांच्या बाळांपैकी पोटात किंवा जन्मानंतर दगावलेली शंभरात पाच-सहा. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या वॉर्डांवरून वेळोवेळी छापलेल्या आकड्यांत हेच प्रमाण शंभरात वीसच्या आसपास, तर काही जुन्या अहवालांत चाळीसपर्यंत जातं. तुलना जरा वाकडी आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात येते ती चार ठिकाणांहून पुढे ढकललेली, झटके येऊन गेलेली बाई. पण दुखणं तेच, औषधंही तीच, आणि बाळाच्या जगण्यात तीन-चार पटींचा फरक. हा फरक कुठून येतो, याचंच उत्तर पुढच्या सगळ्या चाचण्यांतून चाचपडत शोधायचं आहे.

आईच्या बाजूने चित्र बरंच स्पष्ट झालं आहे. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने पक्कं केलं. डायझेपाम आणि फेनिटोइन, दोन्ही तिच्यात मागे पडली. २००२ साली ‘मॅगपाय’ चाचणीने तेहतीस देशांतल्या दहा हजारांवर बायकांत दाखवलं, की झटके येण्याआधीच मॅग्नेशियम दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. आपल्या वॉर्डांत ते प्रिचर्ड पद्धतीने देतात: चार ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे सिस्टरला चौदा अँप्युल फोडायच्या. इंजेक्शन विलक्षण दुखतं, बाई कळवळते. आपल्या बायांच्या अंगकाठीला एवढा डोस कशाला, या विचारातून विदर्भाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातल्या पाढर रुग्णालयात कमी डोसाची ‘पाढर पद्धत’ निघाली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. गावपातळीवर उपकेंद्रातल्या नर्सताईलाही पहिला दहा ग्रॅमचा डोस देऊन पुढे पाठवायची परवानगी आहे. तो डोस देताना हात कचरतात, हे खरं. पण तो न देता गाडीत बसवलेली बाई वाटेत झटका खाते, हेही खरं.

मॅगपायच्या तक्त्यांत बाळाच्या रकान्याकडे बघितलं की मात्र शांतता. मॅग्नेशियम मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत बाळांच्या मृत्यूत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळांच्या मेंदूला त्याचं थोडं संरक्षण मिळतं, हे पुढे इतर चाचण्यांनी दाखवलं. पण आईला वाचवणारं औषध बाळाला आपोआप वाचवत नाही, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा मोठ्या आकड्यांनिशी समोर आली.

बीपी उतरवण्याची कथा तर थेट आपल्या घरची. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय इथे २०१५ ते २०१७ मध्ये ८९४ बायकांवर एक चाचणी झाली. शिरेतून द्यायची महागडी औषधं नाहीत, मॉनिटर नाही, तर साध्या तोंडी गोळ्यांनी भडकलेला बीपी उतरेल का? निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि जुनी, स्वस्त मिथाइलडोपा अशा तीन गोळ्यांची तुलना होती. सहा तासांत, काही अपाय न होता बीपी आटोक्यात आला तो निफेडिपिनने शंभरातल्या ८४ जणींचा, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ जणींचा. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दृष्टीने तिथला तिसरा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो: कपाटात पडून असलेली मिथाइलडोपाही चारातल्या तिघींना पुरते. त्याआधी याच दोन रुग्णालयांत बीपीच्या ६०२ बायकांना कळा आणण्यासाठी फुग्याची नळी बरी की मिसोप्रोस्टॉलची तोंडी गोळी, हे तपासलं गेलं. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण गोळीने ५७ टक्के जणींचं, फुग्याने ४७ टक्के जणींचं. हाही शोध ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये छापला. सिझर टळणं हे गावातल्या घराला किती मोठं, ते सांगायला नको.

बाळासाठी खास असं औषध एकच, आईला द्यायचं स्टेरॉइड. दर बारा तासांनी डेक्सामेथासोनची सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, की कच्ची फुप्फुसं लवकर पिकतात. औषध स्वस्त, देणं सोपं. भारत सरकारने २०१४ मध्ये नर्सताईलाही ते द्यायची मुभा दिली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सहा देशांत झालेल्या मोठ्या गावपातळीवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यात बेळगाव आणि नागपूर भागातली गावं होती. निकाल उलटा लागला. जिथे स्टेरॉइडचा प्रसार केला तिथे नवजात मृत्यू हजारी २७.४, आणि जिथे नाही केला तिथे २३.९. सगळ्यांत लहान बाळांना फायदा नाही, आणि ज्यांना त्याची गरजच नव्हती अशी पुष्कळ दिवस भरलेली बाळं त्यात ओढली गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच गोष्ट मोठ्या रुग्णालयांत तपासली. भारतासह पाच देश, २,८५२ बायका, २०२० चा निकाल. इथे स्टेरॉइडने बाळांचे मृत्यू शंभरात साडेतेवीसवरून साडेएकोणिसावर आले.

इंजेक्शन तेच. मग बदललं काय? दोन गोष्टी. रुग्णालयातल्या चाचणीत आठवडे सोनोग्राफीने ठरवले होते, आणि बाळ जन्मलं तिथे त्याला ऊब, दूध आणि श्वासाचा आधार द्यायची सोय होती. म्हणजे बाळाचं औषध कुपीत नसून तारखेत आणि जागेत आहे. या सगळ्या आढाव्यातून मला काही एक कळलं असेल तर ते हे.

तारखेचं आधी बघू. आपण महिने मोजतो आणि तेही गंमतशीर मोजतो. ‘आठवा लागला’ म्हणजे सात सरून पुढचा सुरू, डॉक्टरांच्या भाषेत एकतिसावा आठवडा. ‘आठवा सरला’ म्हणजे पस्तिसावा. ‘बाईला आठवा आहे’ म्हणणारी सासू या दोन टोकांच्या मधलं काहीही सांगत असू शकते, आणि नेमका याच चार आठवड्यांत बाळाचा निकाल फिरतो. शेवटची पाळी विचारली तर उत्तर येतं, पोळ्याच्या दोन-चार दिस आधी, नाहीतर दसऱ्यानंतर. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तारीख पाच-सात दिवसांत अचूक बसते. नवव्या महिन्यात पहिल्यांदा काढलेली तीन-तीन आठवडे चुकते, आणि या आजारात तर बाळच लहान असल्याने आणखी फसवते: पस्तीस आठवड्यांचं खुरटलेलं बाळ एकतीसचं भासतं आणि ‘थांबू अजून’ असा निर्णय होतो.

थांबायचं की नाही, यावर डॉक्टरांत चाळीस वर्षं वाद आहे. अमेरिकेत मेम्फिसला १९९४ मध्ये अट्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या बायकांना डोळ्यांत तेल घालून पंधरा-पंधरा दिवस थांबवलं, तेव्हा बाळांना फायदा झाला. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या आठ रुग्णालयांनी २०१३ मध्ये तेच केलं, तेव्हा बाळांचं काही भलं झालं नाही. चौतीस आठवड्यांनंतरचं उत्तर आता बरंच पक्कं आहे. ब्रिटनच्या २०१९ च्या चाचणीत लवकर बाळंतपण केल्याने आईचा त्रास घटला, पण जास्त बाळं नवजात विभागात गेली, म्हणजे तिथे हा सौदा होता. भारत आणि झांबियातल्या नऊ रुग्णालयांत ५६५ बायकांवर हेच केलं तेव्हा, २०२३ च्या निकालात, बाळांना अपाय वाढला नाही आणि पोटात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण चौथाईवर आलं. जिथे बाळाच्या ठोक्यांवर आणि नाळेतल्या रक्तप्रवाहावर दर दोन दिवसांनी नजर ठेवता येत नाही, तिथे थांबणं म्हणजे नुसतं थांबणं. आठवा सरलेला असेल आणि बीपी तसाच असेल, तर बाळ बाहेरच सुरक्षित. आजीबाईचा हिशेब इथे पुरता उलटतो.

आता जागा. शेलूबाजार हा मंगरूळपीर तालुक्यातला चौक. उत्तरेला महानवरून अकोला, दक्षिणेला मंगरूळपीर, पूर्वेला कारंजा, पश्चिमेला मालेगाव. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारला त्यावर चढायची वाट मिळाली. वाशिम जिल्हा अकोल्यातून १९९८ साली वेगळा निघाला, २०१८ पासून तो केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. समजा, इथल्या एखाद्या गावात पहिलटकरणीचा बीपी १७०/११० निघाला. कुठे न्यायची? वाशिमचं स्त्री रुग्णालय, की अकोल्याचं लेडी हार्डिंग, की थेट तिथलं सर्वोपचार रुग्णालय? नातेवाईक विचारतात ते अंतर आणि ओळख. विचारायचं ते वेगळंच: तिथे कमी दिवसांच्या बाळासाठी काचेच्या पेटीची जागा रिकामी आहे का? कारण हजार-दीड हजार ग्रॅमच्या बाळाला न्यायला सर्वांत चांगली गाडी आईचं पोट हीच. जन्मल्यावर १०८ च्या रुग्णवाहिकेत घालून नेलेलं बाळ गार पडून, साखर घसरून पोहोचतं. जन्माआधी नेलेली आई मॅग्नेशियमचा पहिला डोस घेऊन, बीपीची गोळी पोटात घेऊन पोहोचते, आणि स्टेरॉइडचे दोन दिवसही तिथेच मिळतात. एक फोन आधी झाला तर चौकातून गाडी कुठे वळवायची ते ठरतं. तो फोन बहुतेक वेळा होत नाही, आणि बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरते.

याहून आधीची एक गळती आपल्या रीतीतच आहे, आणि तिच्यावर कुठल्याही चाचणीचा निकाल मला सापडलेला नाही. हे दुखणं सर्वांत जास्त पहिलटकरणींना होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. सातव्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, हिरव्या साडीतली लेक माहेरी निघते. सासरची आशाताई सहा महिने तिचा बीपी लिहून ठेवते आणि नेमका तो चढायच्या वेळी बाई तिच्या वहीतून निघून जाते. माहेरच्या आशाताईच्या वहीत ती यायला आणखी महिना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात जी गरोदर बायांची तपासणी होते, तिच्यात बीपीवाल्या बाईच्या कार्डावर निळं स्टिकर लावायची सोय आहे. डोहाळजेवणाच्या सामानात ते कार्ड जातं की सासरच्या फडताळात राहतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

गावातच आजार पकडून गावातच पहिला उपचार करायचा प्रयत्न बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ मध्ये झाला. आशाताई आणि नर्सताईंच्या हाती मोबाइलवरचं ॲप, बीपी मशिन, मिथाइलडोपाची गोळी, मॅग्नेशियमचं इंजेक्शन. चौदा हजारांवर गरोदर बायका. इतकं करूनही आई-बाळांचे मृत्यू आणि गुंतागुंत यांचा एकत्र आकडा हलला नाही. मला यात आशाताईचं अपयश दिसत नाही. तिने पुढे पाठवलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते ॲपच्या हाती नव्हतं.

टाळता येण्याचं बोलायचं, तर दोन स्वस्त गोळ्या आहेत. पहिल्या तिमाहीपासून रोज छोटी ॲस्पिरिन. नागपूर-बेळगावसह सहा देशांत जवळजवळ बारा हजार पहिलटकरणींवर झालेल्या २०२० च्या चाचणीत कमी दिवसांची बाळंतपणं शंभरात १३.१ वरून ११.६ वर आली आणि बाळांचे मृत्यू हजारी ५३.६ वरून ४५.७ वर. दुसरी कॅल्शियमची. सरकारी कार्यक्रमात रोज पाचशेच्या दोन गोळ्या मिळतात. बेंगळुरू आणि टांझानियातल्या २०२४ च्या निकालाप्रमाणे रोज पाचशे मिलिग्रॅमही दीड हजाराइतकंच काम करतं. एवढ्या मोठ्या गोळ्या गिळताना उमळून येतं म्हणून त्या उंबऱ्याबाहेर जाणाऱ्या घरांत ही बातमी चांगलीच.

वाचलेल्या बाळाचं पुढे काय, यावर मात्र आपल्याकडचे अहवाल गप्प होतात. बहुतेक शोधनिबंधांत बाळाची गोष्ट डिस्चार्जच्या दिवशी संपते. महाराष्ट्रात माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ वर आलं, नवजात मृत्यू २०२० मध्ये हजारी ११. आता मोजायचं आहे ते जगलेल्यांचं: ऐकू येतं का, वेळेवर बसतं का, शाळेत गेल्यावर त्याचाच बीपी कसा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मुलांचा जन्मापासून माग ठेवला, आणि आपली बाळं वजनाने कमी पण चरबीने तुलनेत भरलेली असतात हे जगाला कळलं. बीपीवाल्या आयांच्या बाळांचा असा माग विदर्भात कुणी काढला तर तो याच मोलाचा ठरेल.

घरी आलेल्या बाळासाठी काय करायचं ते मात्र गडचिरोलीने कधीच दाखवून ठेवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला आरोग्यदूत केलं आणि ३९ गावांत हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तीन वर्षांत २५ च्या आसपास आणले. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अट्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दार वाजवते ती त्याच वाटेने आलेली. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी काढली. ज्या आईला झटके आल्याने तीन दिवस शुद्धच नाही, तिच्या बाळाला दुसऱ्या कुणाचं तरी दूध हवंच. आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणं, ज्याला कांगारू म्हणतात, ते जन्मल्याबरोबर सुरू केलं तर १ ते १.८ किलोच्या बाळांतले मृत्यू शंभरात १५.७ वरून १२ वर येतात, असं २०२१ च्या चाचणीत दिसलं. तिच्यात दिल्लीचं सफदरजंग होतं.

बाळंतिणीचा बीपीही घरी आल्यावर लगेच उतरत नाही. ब्रिटनच्या त्या जुन्या मोजणीत झटके आलेल्यांपैकी ४४ टक्के जणींना ते बाळंत झाल्यावर आले होते. म्हणून चौदाव्या दिवशी आशाताई येते तेव्हा झोळीत बाळाचं वजन करून झाल्यावर आईच्या दंडालाही पट्टा बांधायला हवा. सासू म्हणते, ‘तिले काय झालं आता, बाळाचं पाहा.’ काटा दीड किलोच्या किंचित पुढे गेलेला असतो. आशाताई आकडा कार्डावर लिहिते, पट्टा गुंडाळायला घेते, आणि मग थांबून म्हणते, ‘माय, हात दे जरा.’